जुन्या रेडिओच्या लाकडी कॅबिनेटसाठी पॉलिश कसे निवडावे

व्हॉल्व्हचा, म्हणजे तापणाऱ्या काचेच्या नळ्यांवर चालणारा, जुना रेडिओ माळ्यावर सापडला किंवा जुन्या बाजारातून घरी आणला की पहिला विचार येतो तो त्याला पॉलिश करून घेण्याचा. सुताराला बोलावले जाते, पॉलिश पेपरने पेटी घासून काढली जाते, वरून मेलामाइन या रासायनिक पॉलिशचे दोन-तीन हात दिले जातात आणि चार दिवसांत पेटी झळझळू लागते. परंतु त्या झळाळीपायी कारखान्यात दिलेली छटा, कडांवरचा गडद रंग आणि पुष्कळदा वरच्या देखण्या लाकडाचा पातळ थरही कायमचा गेलेला असतो. जुन्या रेडिओच्या बाबतीत पॉलिशची निवड केवळ आपल्या आवडीवर सोडण्यासारखी नसते, असे माझे ठाम मत आहे. ती निवड कारखान्यात एकदा झालेली असते. आपण ती ओळखायची, शक्य तितकी राखायची आणि जिथे नवे काही द्यावेच लागेल तिथे पुढच्या माणसाला लाकडाला धक्का न लावता काढता येईल असेच द्यायचे.

हा लेख साधारण १९३० ते १९६० या काळातील, टेबलावर ठेवायच्या लाकडी रेडिओंविषयी आहे. त्या काळातील अनेक सेट बेकेलाइटचे, म्हणजे जुन्या कडक प्लास्टिकचे, आहेत. त्यांना पॉलिशचा हात लावू नये, कारण ते लाकूडच नव्हे.

आधी पेटी रिकामी करा

रेडिओचे बटण दाबून ‘चालतो का पाहू’ हा मोह पूर्णपणे टाळावा. वीजजोडणी काढलेली असली तरी आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये भार राहिलेला असू शकतो, आणि एसी-डीसी दोन्हींवर चालणाऱ्या सेटमध्ये चासीसच, म्हणजे आतले सगळे भाग बसवलेली धातूची चौकटच, बहुधा थेट मेनच्या तारेला जोडलेली असते. चासीस बाहेर काढण्याचे काम रेडिओ दुरुस्त करणाऱ्या जाणकाराकडून करून घेणे नवशिक्याच्या हिताचे आहे. चासीस, स्पीकर, बटणे, स्पीकरवरचे कापड आणि मागचा पुठ्ठा काढून ठेवला की मगच पेटीचे काम सुरू होते. काढण्यापूर्वी सर्व बाजूंनी, विशेषतः कडा आणि नक्षीच्या पट्ट्या यांचे, दिवसाच्या उजेडात फोटो घ्यावेत, कारण मूळ छटा नेमकी कशी होती हे पुढे त्यावरूनच ठरणार असते. काही सेटमध्ये व्हॉल्व्हच्या वर, पेटीच्या आतल्या छताला उष्णतेपासून बचाव म्हणून ॲस्बेस्टॉसचा तक्ता लावलेला असतो. पांढरट-राखाडी तंतुमय तक्ता दिसला तर तो खरवडू किंवा घासू नये.

डायलच्या काचेबाबत एक सूचना काळजीपूर्वक पाळावी. स्टेशनांची आणि शहरांची नावे काचेच्या मागच्या बाजूला रंगाने छापलेली असतात. त्या बाजूला स्पिरिट किंवा थिनर लागला तर अक्षरे क्षणात पुसली जातात, आणि काही काचांवरची अक्षरे नुसत्या ओल्या फडक्यानेही निघतात. काच बाहेर काढून, अक्षरांच्या बाजूला स्पर्श न करता, कागदात गुंडाळून वेगळ्या खोलीत ठेवावी. कंपनीचे नाव पेटीवर सोनेरी अक्षरांच्या चिकटचित्राने उमटवलेले असेल, तर त्याचे मोजमाप आणि फोटो आत्ताच घ्यावेत. आतल्या बाजूला चिकटवलेले व्हॉल्व्हच्या जागा दाखवणारे कागद, आणि असल्यास रेडिओ परवान्याशी संबंधित कागद, यांना अजिबात हात लावू नये.

आपल्यासमोर नेमके काय आहे

अक्रोडाची दिसणारी पेटी क्वचितच अख्ख्या अक्रोडाची असते. आत प्लायवूड किंवा साधे लाकूड आणि वर एक मिलिमीटरपेक्षाही कमी जाडीचे अक्रोड, महोगनी किंवा सागाचे व्हिनिअर, अशी रचना सर्रास आढळते. जुन्या पेट्यांमध्ये हे व्हिनिअर सरसाने चिकटवलेले असते आणि सरस दमट हवेत सुटतो. थर इतका पातळ असल्याने घासण्याच्या मशीनने, विशेषतः कडांवर आणि गोलाईवर, काही सेकंदांतच खालचे पांढरे लाकूड उघडे पडते. त्याला मग कोणतेही पॉलिश वाचवू शकत नाही. व्हिनिअर कुठे सुटले आहे हे बोटाच्या टोकाने हलके टिचक्या मारून पाहावे; जिथे आवाज पोकळ येतो तिथे पॉलिशपूर्वी ते पुन्हा चिकटवून घ्यावे. चिकटवण्यासाठी पुन्हा सरसच वापरणे उत्तम, कारण तो पुढे उष्णतेने आणि ओलाव्याने सोडवता येतो.

अमेरिकन सेटमध्ये आणखी एक बारकावा असतो. दर्शनी भागावर उंची व्हिनिअर आणि तळाच्या पट्ट्या, खांब, कडा यांना स्वस्त, फिकट लाकूड वापरून त्यावर गडद रंग मिसळलेला लॅकर (झटपट वाळणारे, फवारायचे पॉलिश) फवारण्याची पद्धत तिथे रूढ होती. म्हणजे त्या कडांचा चॉकलेटी रंग लाकडात नाही, पॉलिशच्या थरात आहे. अशी पेटी सरसकट खरवडून वर पारदर्शक पॉलिश दिले, तर मध्ये अक्रोड आणि भोवती पांढुरक्या पट्ट्या असे विजोड रूप हाती येते. काही सेटवर तर रेषाच छापलेल्या असतात. लाकडाचा पोत हा तिथे केवळ छपाईचा भास असतो आणि पेंट रिमूव्हर, म्हणजे जुना थर काढणारे रसायन, लावताच तो वाहून जातो. भिंगातून पाहिल्यास छापील रेषांमध्ये खऱ्या लाकडाची छिद्रे दिसत नाहीत, आणि तोच नमुना दुसऱ्या ठिकाणी हुबेहूब पुन्हा आलेला दिसतो. असे आढळल्यास रिमूव्हरचा विचार तिथेच सोडावा.

स्पिरिट आणि थिनरची परीक्षा

सगळ्या कामात मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी पायरी ही आहे, आणि तिला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत नाही. पेटीच्या तळाशी किंवा मागच्या कडेला, जिथे दर्शनी भागाचेच पॉलिश लागलेले आहे पण सहज दिसत नाही, अशी रुपयाएवढी जागा निवडावी. तिथली धूळ आणि जुने मेण मिनरल टर्पेंटाइनने पुसून काढावे, नाहीतर मेणाचा थरच उत्तर देईल आणि ते चुकीचे असेल.

आता कापसाची काडी पॉलिशच्या स्पिरिटमध्ये भिजवून त्या जागी अर्धा मिनिट टेकवून ठेवावी आणि मग हलकेच फिरवावी. पृष्ठभाग चिकट लागला, काडी ओढताना बोटाला किंचित अडकल्यासारखे वाटले आणि कापसावर मधाच्या रंगाचा डाग आला, तर ते लाखेचे पॉलिश आहे. आपल्याकडे त्यालाच स्पिरिट पॉलिश किंवा फ्रेंच पॉलिश म्हणतात. स्पिरिटने फारसे काही झाले नाही, तर शेजारच्या जागी एनसी थिनरची काडी टेकवावी. थर लगेच मऊ होऊन विरघळला, तर तो नायट्रोसेल्युलोज लॅकर, म्हणजे बाजारातला ‘एनसी लॅकर’ आहे. हा क्रम उलटा करू नये, कारण थिनरने लाखही मऊ पडते आणि मग दोहोंतला फरक कळत नाही. दोन्ही काड्या कोरड्या निघाल्या तर वर व्हार्निश, पॉलिएस्टर किंवा नंतर कोणीतरी चढवलेले मेलामाइन अथवा पीयू (पॉलियुरेथेन) आहे, असे समजावे.

परीक्षेचे उत्तर सेटच्या कुळाशी जुळते का तेही पाहावे. नायट्रोसेल्युलोज लॅकर १९२०च्या दशकात मोटारींच्या रंगकामातून पुढे आला आणि लवकरच अमेरिकन रेडिओ कारखान्यांनी तो उचलला. फिल्को, झेनिथ, आरसीए यांच्या तीस आणि चाळीसच्या दशकांतील पेट्यांवर बहुधा तोच मिळतो. ग्रुंडिग, टेलिफुंकन यांसारख्या जर्मन सेटची पियानोसारखी जाड, काचेगत चमक पन्नाशीच्या उत्तरार्धापासून अनेकदा पॉलिएस्टरची असते, आणि ती स्पिरिटला किंवा थिनरला दाद देत नाही. ब्रिटिश सेट आणि आपल्याकडे जुळवलेले सेट, उदाहरणार्थ ठाण्याच्या कारखान्यातले मर्फी, यांच्याबाबत मात्र गृहीत काहीच धरू नये. पन्नास-साठ वर्षांत घरच्या सुताराने वरून स्पिरिट पॉलिशचा हात दिलेला असण्याची शक्यता मोठी असते. त्यामुळे तळाशी एक आणि वर दुसरेच पॉलिश निघाले तर गोंधळून जाऊ नये. दोन ठिकाणी परीक्षा करून खालचा, मूळ थर कोणता ते ठरवावे.

काढायचे की राखायचे

बऱ्याच पेट्यांना नव्या पॉलिशची गरजच नसते, हे स्वच्छ केल्यावरच कळते. कोमट पाण्यात साध्या सौम्य साबणाचे दोन थेंब टाकून, घट्ट पिळलेल्या फडक्याने थोडा थोडा भाग पुसावा आणि लगेच कोरडा करावा. सुटलेल्या व्हिनिअरजवळ पाणी नेऊ नये. स्वयंपाकघरातला धूर, उदबत्तीची काजळी आणि हातांचा तेलकटपणा निघाल्यावर काळी वाटणारी पेटी तांबूस होते. त्यानंतर मधमाशांच्या मेणाचा पातळ हात दिला तरी पुष्कळदा काम संपते. फवारून मारायची सिलिकॉनयुक्त चमक मात्र कटाक्षाने टाळावी. सिलिकॉन लाकडात मुरले की पुढे फवारलेला लॅकर तिथून सरकतो आणि गोल खड्डे पडतात.

मूळ थर जागेवर आहे पण त्याला बारीक भेगा पडल्या आहेत किंवा पांढरट झाक आली आहे, अशा वेळी तोच थर पुन्हा जिवंत करता येतो. लाखेच्या पेटीवर स्पिरिटने जेमतेम ओलसर केलेला बोळा, आणि एनसी लॅकरच्या पेटीवर रिटार्डर (वाळणे लांबवणारा द्रव) मिसळलेला थिनर मऊ ब्रशने, एकाच दिशेने आणि पुन्हा पुन्हा न घासता फिरवला, तर थर मऊ होऊन भेगा मिटतात. कारखान्यातला रंग आणि चिकटचित्राच्या भोवतालचा भाग अशाने वाचतो. चिकटचित्रावरून मात्र ब्रश नेऊ नये.

पॉलिश सोलून निघत असेल, मोठ्या भागात लाकूड उघडे पडले असेल किंवा कोणी वरून ऑइलपेंट दिला असेल, तेव्हाच सगळे काढावे. लाख स्पिरिटने आणि एनसी लॅकर थिनरनेच, फडके बदलत बदलत, पुसून काढता येतो. त्याला खरवडण्याची गरज पडत नाही. बाकीच्यांसाठी पेंट रिमूव्हर लागतो, तोही उघड्यावर, रबरी हातमोजे घालून. हीट गन वापरली तर सरस सुटून व्हिनिअर उठते, आणि कॉस्टिक सोड्याने सरस विरघळतो व लाकूड काळे पडते. पॉलिएस्टरची जर्मन पेटी असेल तर ती न काढणेच शहाणपणाचे आहे. टवके उडालेल्या जागा भरून, बारीक वॉटर पेपर आणि रबिंग कंपाउंडने चमक परत आणावी.

थर काढल्यानंतर लाकडावर मिनरल टर्पेंटाइनचा ओला हात फिरवून पाहावा. ओल्या अवस्थेत जो रंग दिसतो, साधारण तोच पारदर्शक पॉलिशखाली दिसणार असतो. मूळ फोटोशी तो जुळत नसेल, तर रंग लाकडाला द्यायचा की पॉलिशच्या थरात मिसळायचा हे आत्ताच ठरवावे. अक्रोड आणि महोगनी यांची छिद्रे मोठी असतात. आरशासारखा सपाट पृष्ठभाग हवा असेल तर त्यांत लाकडाच्या रंगाची लांबी (पुट्टी) भरून, ती निस्तेज होऊ लागताच आडवी पुसून, पूर्ण वाळल्यावर २२० आणि मग ३२० नंबरच्या पेपरने केवळ हाताने, रेषेच्या दिशेने हलके फिरवावे.

लाखेचे पॉलिश

परीक्षेत लाख निघाली असेल तर उत्तर सरळ आहे : पुन्हा लाखच द्यावी. नवशिक्याकडे फवारणीची सोय नसेल, तर एनसी लॅकरच्या पेटीवरही मी लाखेचाच सल्ला देईन. ती हाताने देता येते, नवा हात जुन्या हातात विरघळून एकजीव होतो, त्यामुळे बिघडलेली जागा केव्हाही दुरुस्त होते, आणि पन्नास वर्षांनी कोणाला काढायची झाली तर स्पिरिटचे फडके पुरते. लाख आपल्याच मातीतली आहे. झारखंड, छत्तीसगड या भागांत कुसुम, पळस आणि बोरीच्या झाडांवर लाखेचे किडे ती तयार करतात.

बाजारात तयार बाटलीतले पॉलिश मिळते, परंतु विरघळवलेली लाख जुनी झाली की नीट वाळत नाही आणि हाताला चिकटत राहते. म्हणून चपडी लाखेचे पापुद्रे आणून स्वतःच घोळ करावा. २५० मिलिलिटर स्पिरिटला ३० ते ४५ ग्रॅम लाख, हे प्रमाण बोळ्याने देण्यासाठी योग्य आहे. घोळ काचेच्या बरणीत रात्रभर ठेवून अधूनमधून हलवावा, लोखंडी डब्यात नाही, कारण लोखंडाने लाख काळवंडते. सकाळी मलमलमधून गाळून बरणीवर तारीख लिहावी आणि सहा महिन्यांनंतर उरलेला घोळ टाकून द्यावा. जखमेसाठीचे स्पिरिट किंवा सॅनिटायझर वापरू नये. त्यांतल्या पाण्याने पॉलिश पांढरे पडते. पॉलिशचे स्पिरिट विषारी असते, म्हणून खिडक्या उघड्या हव्यात आणि जवळ शेगडी किंवा देवघरातला दिवा नको.

बोळा करताना आत कापूस किंवा लोकरीचा तुकडा आणि बाहेर अनेक धुतल्यांचे मऊ सुती कापड घ्यावे. जुन्या धोतराचा तुकडा यासाठी फार उपयोगी पडतो. घोळ आतल्या कापसावर ओतावा, बाहेरच्या कापडावर नाही, आणि बोळा तळहाताच्या पाठीवर दाबून पाहावा : ओलसर डाग उमटला पाहिजे, थेंब ओघळता कामा नये. आधी रेषेच्या दिशेने चार-पाच सरळ हात द्यावेत, मग लहान वर्तुळे आणि इंग्रजी आठचा आकार काढत पूर्ण पृष्ठभागावर फिरावे. बोळा हवेतून सरकतच लाकडावर यावा आणि सरकतच बाजूला जावा. तो मध्येच थांबला की त्या जागी खालचा थर उचलला जातो आणि कापडाचा ठसा उमटतो. बोळा ओढू लागला तर त्याच्या तळाला जवसाच्या तेलाचा एकच थेंब लावावा. एका बैठकीत फार काही साधत नाही. अर्धा तास काम, मग एक दिवस विश्रांती, असे तीन-चार वेळा केल्यावर थर भरतो, आणि शेवटी जेमतेम ओल्या स्पिरिटच्या नव्या बोळ्याने वर आलेले तेल हलकेच उचलून घ्यावे.

गडद कडा हव्या असतील तर याच घोळात स्पिरिटमध्ये विरघळणारा रंग अगदी थोडा मिसळून, फक्त त्या पट्ट्यांवर, दोन-तीन पातळ हातांत छटा वाढवत न्यावी. एकाच हातात गडद करायला गेल्यास पट्टे दिसतात.

लाखेची मर्यादाही समजून घ्यावी. गरम कपाने आणि पाण्याने तिच्यावर पांढरी वर्तुळे उमटतात. म्हणून रेडिओवर फुलदाणी किंवा चहाचा कप ठेवण्याची सवय घरात असेल, तर ती सवय बदलावी. त्या भीतीने पॉलिश बदलू नये.

एनसी लॅकर

अमेरिकन पेटीची कारखान्यातली चमक आणि रंगछटा हुबेहूब हवी असेल, तर एनसी लॅकरला पर्याय नाही. तो मिनिटांत वाळतो, म्हणून ब्रशने सारखा पसरत नाही. कॉम्प्रेसर आणि स्प्रे गन लागते. आधी सँडिंग सीलरचे (लाकडाची छिद्रे बुजवणाऱ्या तळच्या थराचे) एक-दोन हात, ३२० नंबरचा हलका पेपर, मग रंग मिसळलेला लॅकर जिथे मूळ छटा गडद होती तिथेच, आणि वर स्वच्छ लॅकरचे चार ते सहा पातळ हात, असा क्रम असतो. दोन हातांत अर्धा ते एक तास जाऊ द्यावा. जुन्या व्हार्निशचा अंश राहिला असेल तर थिनरने तो सुरकुततो; शंका असल्यास मधे मेणविरहित लाखेचा एक हात द्यावा. तो सिलिकॉनचे डागही दाबतो आणि वरच्या थराला घट्ट धरतो. मेणयुक्त साध्या लाखेकडून ही अपेक्षा ठेवू नये.

थिनरची वाफ आणि फवाऱ्याची धूळ या दोन्ही गोष्टी भडकन पेट घेतात. बंद खोलीत, पंखा किंवा बल्बच्या बटणाजवळ, फवारणी करू नये, आणि नाकाला रुमाल न बांधता रासायनिक वाफेसाठीच असलेला कार्ट्रिजचा मास्क वापरावा. ही सोय नसेल तर मोटारीचे रंगकाम करणाऱ्याकडून फवारणी करून घेणे बरे; मात्र तो एनसीऐवजी पीयूचा क्लिअर मारणार नाही, हे आधी स्पष्ट सांगून ठेवावे.

मेलामाइन, पीयू आणि तेल

जेवणाच्या टेबलासाठी मेलामाइन आणि पीयू उत्तम आहेत. जुन्या रेडिओसाठी नाहीत. हे थर रासायनिक क्रियेने घट्ट होतात, पुन्हा विरघळत नाहीत, आणि काढायचे झाल्यास व्हिनिअरची किंमत मोजावी लागते. जवसाचे तेल कारखान्यातल्या पेटीवर सहसा नव्हते. ते लाकूड काळपट करते आणि दमट हवेत चिकट राहून बुरशीला बोलावते. तेलाची किंवा व्हार्निशची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, ती आपोआप तापून पेटतात. पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

कामाचा हंगाम आणि शेवटचा हात

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात पॉलिशचे काम काढूच नये. थिनर किंवा स्पिरिट झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतला ओलावा त्यावर बसतो आणि थर दुधाळ होतो. एनसी लॅकरमध्ये रिटार्डर घालून हे काही अंशी टळते, परंतु दिवाळी ते होळी या कोरड्या दिवसांत, सकाळी दहानंतर काम केल्यास त्याची गरज सहसा पडत नाही.

चमक किती ठेवायची, याचे उत्तर पेटीच्या आतल्या, प्रकाश न पोहोचलेल्या कडेवर पाहावे. तिथली मूळ चमक बहुधा टिकलेली असते. लाखेला दोन आठवडे आणि लॅकरला तीन-चार आठवडे पूर्ण वाळू द्यावे. मग मंद चमक हवी असल्यास सर्वांत बारीक स्टील वूल मेणात बुडवून रेषेच्या दिशेने फिरवावे, आणि आरशासारखी हवी असल्यास १००० व त्यापुढच्या नंबरचा वॉटर पेपर आणि रबिंग कंपाउंड वापरावे. लाखेवर मात्र पाण्याऐवजी मिनरल टर्पेंटाइन घ्यावे. पेटीच्या आत, कागदाच्या लहान चिठ्ठीवर कोणते पॉलिश, कोणता रंग आणि कोणत्या वर्षी दिले ते लिहून चिकटवावे.

चासीस परत बसवण्याची घाई करू नये. व्हॉल्व्हच्या उष्णतेने पेटीचे छत चांगलेच तापते आणि कोवळा थर त्याने मऊ पडून धूळ पकडतो. सेट चालू झाल्यावरही पाठ भिंतीला टेकवू नये. चार बोटांचे अंतर ठेवावे, मागच्या पुठ्ठ्याची छिद्रे मोकळी असावीत आणि वर विणकामाचा रुमाल अंथरलेला असेल तर रेडिओ लावण्यापूर्वी तो काढून ठेवावा.